मार्गारेट मरेने गाळलेली वाक्यं

नदीकाठ

गेल्या रविवारी स्कॉटलंडमधल्या ऑल्डर्नला जाऊन आले. इन्व्हर्नेसहून पूर्वेला, नेर्न ओलांडलं की दोन-तीन मैलांवर हे छोटं गाव लागतं. १६४५ मध्ये इथे मोठी लढाई झाली होती. टेकाडावर सतराव्या शतकातला एक कबुतरखाना आहे, लोक बहुतेक तो बघायला येतात. मी गेले होते चर्चच्या आवारासाठी. १६६२ च्या एप्रिल-मे महिन्यांत, सहा आठवड्यांच्या आत, या गावच्या इझोबेल गाउडी नावाच्या शेतकरणीने चेटकीण असल्याचे चार कबुलीजबाब दिले. रात्री याच चर्चमध्ये आपण सैतानाला भेटलो, तो हातात काळं पुस्तक घेऊन उभा होता, असं तिने सांगितलं. टेकडी उघडते, आत पऱ्यांची राणी बसलेली असते, ती आपल्याला पोटभर जेवायला घालते, असंही. घरातून निघताना अंथरुणात नवऱ्याशेजारी केरसुणी ठेवायची, म्हणजे त्याला आपण गेल्याचं कळत नाही. आणि एक चित्र माझ्या डोक्यातून जातच नाही: बेडकांनी ओढलेला नांगर. जोताला दोऱ्या हरळीसारख्या गवताच्या, फाळाच्या जागी मेंढ्याचं शिंग, नांगर धरणारा स्वतः सैतान, आणि मागून चालणाऱ्या साऱ्यांची प्रार्थना, की या शेतातलं पीक आमच्याकडे येवो आणि मालकाला काटेच उरोत.

हे वाचताना शेतीचा एखादा जुना, ख्रिस्तपूर्व विधी आठवणं अगदी सोपं आहे. मार्गारेट मरेचं नाव इथेच येतं.

मरे मुळात इजिप्तच्या प्राचीन संस्कृतीची अभ्यासक. १९२१ मध्ये तिने पश्चिम युरोपातल्या चेटकीण-पंथावर पुस्तक लिहिलं. तिचं म्हणणं असं: चेटकीण म्हणून ज्यांना जाळलं किंवा फासावर दिलं ते एका जुन्या, संघटित धर्माचे अनुयायी होते. ख्रिस्ती धर्म आला तो राजवाड्यांत आणि शहरांत, खेड्यांतली माणसं मात्र शिंगं असलेल्या आपल्या जुन्या देवाची पूजा करत राहिली. चर्चने त्या देवालाच सैतान म्हटलं. या धर्माचे गट तेरा-तेरा जणांचे, सण ठरलेले, पुजारी ठरलेले. जोन ऑफ आर्कसुद्धा त्याच पंथाची होती, इथपर्यंत ती गेली. १९५४ मध्ये तर इंग्लंडच्या राजांचे मृत्यू हे याच धर्मातले नरबळी होते, असं तिने मांडलं.

विशीत मला हा सिद्धांत मनापासून पटला होता. त्यात बायकांना मान होता. त्या वेड्या नव्हत्या, भोळ्या नव्हत्या, त्यांचा स्वतःचा धर्म होता आणि त्यासाठी त्यांनी जीव दिला! ही गोष्ट कुणाला नको असेल?

पण मूळ कागदांशी ताडून पाहिलं की ती कोसळते. १६६४ चं इंग्लंडमधल्या सॉमरसेटचं प्रकरण घ्या. एलिझाबेथ स्टाइल नावाच्या बाईने सभेचं वर्णन केलं: काळ्या कपड्यांतला पुरुष, वाद्य, नाच, निघताना एकमेकींना 'आनंदात भेटू, आनंदात निघू' असं म्हणणं. मरेने एवढं घेतलं, आणि वाचताना खेड्यातली जत्राच वाटते. पण तीच बाई हेही सांगते, की आम्ही कपाळाला आणि मनगटांना तेल चोळतो, मंत्र म्हणतो आणि क्षणात तिथे पोचतो. कधी देहाने जातो, कधी देह घरीच राहतो. ती वाक्यं मरेने गाळली. १९७५ मध्ये इतिहासकार नॉर्मन कोन यांनी तिचे उतारे एकेक करून मूळ नोंदींशी लावून पाहिले, तेव्हा हे असंच पुन्हा पुन्हा दिसलं. अशक्य तेवढं कापायचं, उरलेलं इतिहास म्हणून मांडायचं.

तेराच्या आकड्याचंही तेच. इझोबेल खरोखर म्हणते, की एका गटात तेरा जण. मरेने तो आकडा उचलला आणि सगळीकडे शोधला. नावांच्या याद्या अशा विभागल्या, की बेरीज तेरा व्हावी.

मला ज्यावर बोलायचं आहे ते याच्या पुढचं. ही मांडणी एका बाईने उभी केली आणि ती तपासण्याचं, सोडवण्याचं, त्या जागी काहीतरी जास्त खरं ठेवण्याचं बरंचसं कामही बायकांनीच केलं. क्रिस्टिना लार्नर, जॅकलिन सिम्पसन, कॅरोलाइन ओट्स, ज्युलिएट वुड, डायेन पर्किस, लिंडल रोपर, एवा पोच, एमा विल्बी. आपल्याकडे मरेचं नाव तरी कुठे कुठे येतं, यांची नावं मराठीत मला जवळजवळ दिसत नाहीत. म्हणून हा धागा. ज्यांनी यातलं काही वाचलंय त्यांनी भर घालावी.


माघी

काय सुंदर लिहिलंयस. बेडकांचा नांगर मलाही विसरता येणार नाही.
एक विचारते. मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय की युरोपात ९० लाख बायकांना जाळलं. हा आकडा खरा आहे का?


नदीकाठ

नाही, माघी. त्याची कथा मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. १७८४ मध्ये फॉइग्ट नावाच्या जर्मन लेखकाने क्वेडलिनबुर्ग या एका गावातल्या थोड्या वर्षांच्या नोंदी घेतल्या, त्यावरून सगळ्या युरोपाचं आणि अनेक शतकांचं गणित मांडलं. उत्तर आलं ९४,४२,९९४. एका गावावरून एवढा मोठा हिशेब, आणि तोही शेवटच्या चारपर्यंत! पुढे १८९३ मध्ये अमेरिकेतल्या मटिल्डा जॉस्लिन गेज यांनी ९० लाखांचा आकडा आपल्या पुस्तकात घेतला. गेज स्त्री-मताधिकाराच्या मोठ्या कार्यकर्त्या. चर्चने बायकांचं ज्ञान संपवलं, जुन्या काळी पुरोहितपण बायकांकडे होतं, ही मांडणी त्यांनी मरेच्या आधी जवळजवळ ३० वर्षं केली. तिथून तो आकडा चळवळीत रुजला.

आज इतिहासकार साधारण ४० ते ६० हजार मृत्युदंड मानतात, तेही मुख्यतः पंधराव्या ते अठराव्या शतकांत. मला हा आकडा लहान वाटत नाही. स्कॉटलंडपुरतं बोलायचं तर एडिनबरा विद्यापीठातल्या चार संशोधकांनी, त्यांत तीन बायका, २००३ मध्ये आरोप झालेल्यांची मोजदाद पूर्ण केली. ३,८३७ माणसं. पाचांत चारांहून जास्त बायका. बहुतेकींची नावं आहेत, गावं आहेत. मला त्या फुगवलेल्या ९० लाखांपेक्षा या ३,८३७ जास्त बोलतात.


दगडफूल

धागा आवडला, पण मरेबाईंच्या बाजूने कुणीतरी उभं राहायला हवं, म्हणून लिहिते.

त्यांचा जन्म १८६३ चा, कोलकात्याचा. वडील व्यापारात, आई मिशनकामासाठी भारतात आलेली. तरुणपणी कोलकात्याच्या इस्पितळात त्यांनी परिचारिकेचं काम केलं. पुढे इंग्लंडात त्याच कामासाठी गेल्या तर उंची कमी म्हणून घेतलं नाही, पाच फुटांहूनही कमी होत्या. १८९३ मध्ये मद्रासला बहिणीकडे असताना बहिणीने वर्तमानपत्रात वाचून सांगितलं, की लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इजिप्तचे पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री चित्रलिपीचे वर्ग घेणार आहेत, तू जा. जानेवारी १८९४ मध्ये त्या वर्गात बसल्या. वय तिशीचं! १८९८ पासून तिथेच शिकवायला लागल्या. पेट्री वर्षातले कित्येक महिने उत्खननावर असायचे, मागे वर्ग चालवायच्या मरेबाई. इजिप्तमधल्या अबायडॉसला ओसायरिस देवाच्या मंदिराचं काम केलं. १९०८ मध्ये मँचेस्टरला दोन भावांच्या ममी लोकांसमोर उलगडल्या, बाईने असं करण्याची ती पहिली वेळ. मताधिकाराच्या मोर्चांतही चालल्या.

पहिल्या महायुद्धात इजिप्तची वाट बंद झाली, तब्येत बिघडली, आणि विश्रांतीसाठी ग्लास्टनबरीला गेल्या असताना त्या लोककथांकडे वळल्या. म्हणजे पन्नाशी उलटल्यावर नवा विषय. १०० वर्षं जगल्या आणि शंभराव्या वर्षी आत्मचरित्र प्रसिद्ध केलं. अशा बाईला 'तिने वाक्यं गाळली' एवढ्या एका ओळीत बसवू नये, असं मला फार वाटतं. शिवाय त्यांच्यावर तुटून पडलेले पहिले टीकाकार पुरुषच होते ना? बाईने मोठा सिद्धांत मांडला म्हणून राग नसेल कशावरून?


नदीकाठ

दगडफूल, चरित्र लिहिलंस ते फार बरं केलंस. मला तिच्याबद्दल आदर आहे, तिच्या इजिप्तच्या कामाबद्दल तर पूर्ण.

पण टीकेचं तसं नाही. १९२२ मध्ये हॅलिडे यांनी पहिली कडक समीक्षा लिहिली, ती पुराव्यांच्या वापरावर होती. आणि जिने हा प्रश्न सर्वांत नीट सोडवला ती जॅकलिन सिम्पसन स्वतः लोकसाहित्याची अभ्यासक, मरे ज्या संस्थेची १९५३ ते १९५५ अध्यक्ष होती त्याच फोकलोर सोसायटीतली. १९९४ मध्ये तिने असा प्रश्न घेतला: मरेवर विश्वास कुणी ठेवला, आणि का? उत्तर विचार करायला लावणारं आहे. जाणकारांनी बहुतेक तिला गंभीरपणे घेतलंच नाही, आणि म्हणून सविस्तर खोडूनही काढलं नाही. दरम्यान १९२९ मध्ये ब्रिटानिका विश्वकोशाने चेटकविद्येची नोंद मरेकडून लिहून घेतली. तिने त्यात आपलाच सिद्धांत मांडला, आणि तो तिचा एकटीचा आहे हे सांगितलं नाही. ती नोंद १९६९ पर्यंत छापत राहिली. ४० वर्षं! शिक्षक, पत्रकार, कादंबरीकार, सगळे तिथूनच शिकले. १९९८ मध्ये कॅरोलाइन ओट्स आणि ज्युलिएट वुड यांनी तिच्या कामाची पद्धत पुन्हा तपासली.

तिला बाई म्हणून मिळालेल्या वागणुकीबद्दल तू म्हणतेस ते खरं, पण त्या वागणुकीमुळे सॉमरसेटच्या एलिझाबेथचं वाक्य गाळणं बरोबर ठरत नाही. तीही बाईच होती. तिला आयुष्यात एकदाच कुणीतरी ऐकून लिहून घेतलं, तेही कोठडीत.


दगडफूल

हे शेवटचं वाक्य लागलं. मान्य.


तिसरा प्रहर

कार्लो गिन्झबुर्ग यांच्याशिवाय ही चर्चा अपुरी राहील. लेखक पुरुष आहे, पण विषय इथलाच. १९६६ मध्ये त्यांनी इटलीच्या ईशान्येकडच्या फ्रिउली प्रांतातली इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मचौकशीची, कागदपत्रं समोर आणली. १५७५ च्या सुमाराला तिथले काही शेतकरी शांतपणे सांगतात: आम्ही 'भले चालणारे', बेनान्दान्ती. जन्मताना ज्यांच्या अंगावर गर्भपिशवीचं आवरण असतं ते आमच्यात. वर्षातून चार वेळा, उपवासाच्या ठरलेल्या रात्री, आमचा आत्मा देह सोडून जातो आणि पिकांसाठी चेटकिणींशी लढतो. आमच्या हातात बडीशेपेच्या काड्या, त्यांच्या हातात ज्वारीची धाटं. आम्ही जिंकलो तर साल सुकाळाचं.

ज्वारीची धाटं वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो. सोलापूरकडचा माणूस मी, ज्वारीच्या ताटांतच वाढलो.

आता प्रश्न. गिन्झबुर्ग स्वतः म्हणतात, की मरेच्या मांडणीत सत्याचा एक कण आहे. पिकांसाठी लढणारे, ख्रिस्ती चौकटीत न बसणारे लोक तर खरंच सापडले. मग मरे पूर्ण चूक कशी?


नदीकाठ

तिसरा प्रहर, हाच या विषयाचा गाभा आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

गिन्झबुर्गना सापडल्या त्या श्रद्धा. मरेने मांडली ती संघटना. बेनान्दान्ती कुठे माळावर जमले नव्हते. ते आपापल्या घरी अंथरुणात पडलेले असत आणि आत्मा गेला असं म्हणत. हीच ती 'देह घरीच राहतो'वाली गोष्ट! मरेने जे कापून टाकलं, जुनं काही असलंच तर ते त्यातच होतं. नाच-जेवणाचा भाग खरा मानून तिने उडण्याचा, स्वप्नाचा, पऱ्यांचा भाग दूर केला. प्राचीन थर शोधायचे तर ते नेमके स्वप्नात होते.

हा थर जुना आहे, यात शंका नाही. साधारण ९०६ मध्ये प्र्यूमच्या रेगिनो या मठाधिपतीने चर्चचा एक नियम नोंदवलाय. काही बायकांना वाटतं की रात्री डायना देवीबरोबर जनावरांवर बसून आपण दूर दूर जातो. हा केवळ भ्रम आहे, असं लोकांना शिकवा. म्हणजे त्या काळी चर्च म्हणत होतं, की हे घडतच नाही. पाचशे वर्षांनी तेच चर्च म्हणू लागलं, की हे घडतं आणि त्यासाठी मरण द्या. मरेने आपल्या पंथाला डायनाचं नाव दिलं ते याच धाग्यावरून.

एवा पोच या हंगेरीच्या विदुषीने हे पुढे नेलं. हंगेरीतले खटले आणि मध्य व आग्नेय युरोपातल्या लोकश्रद्धा यांतून तिने दाखवलं, की जिवंत आणि मेलेले यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्यांच्या कल्पना तिथे कितीतरी होत्या. पऱ्या, फिरणारे मृतात्मे, ताल्तोश नावाचे जन्मजात शक्ती असलेले लोक. खटल्यांतली चेटकीण या सगळ्यांतून बनली. फ्रिउलीतही पुरुष पिकांसाठी लढायला जात, तर कितीतरी बायका सांगत की आम्हांला मेलेल्यांची मिरवणूक दिसते. गावातली आई विचारायला येत असेल, माझं लेकरू दिसलं का त्यात?

आणि शेवट बघ. चौकशी करणारे पन्नास-साठ वर्षं तोच प्रश्न विचारत राहिले. पिकं राखणारे म्हणवणारे हळूहळू स्वतःच कबूल करू लागले, की हो, आम्ही सैतानाच्या सभेला जातो.


उंबरठा

मी सुतिकागृहात २६ वर्षं काम केलं. त्यामुळे 'चेटकीण म्हणजे सुईण आणि वैदू बाई, पुरुष डॉक्टरांनी तिला संपवलं' ही मांडणी मला पूर्वी फार जवळची होती. अमेरिकेत १९७३ मध्ये बार्बरा एरेनराइक आणि डिअर्ड्रा इंग्लिश यांची त्यावर छोटी पुस्तिका आली आणि जगभर फिरली. पुढे इतिहासकारांनी नोंदी पाहिल्या तर सुइणींवर आरोप झाल्याची प्रकरणं अगदी थोडी निघाली. उलट सुईण ही गावाच्या विश्वासातली बाई होती.

ऑक्सफर्डच्या डायेन पर्किस यांनी १९९६ मध्ये या सगळ्या कल्पनांवर लिहिलं. त्यांचा एक मुद्दा मी विसरू शकत नाही. इंग्लंडच्या खटल्यांत साक्ष द्यायला उभ्या राहणाऱ्याही पुष्कळदा बायकाच. बोलणं दुधाचं, लोण्याचं, पोराच्या आजारपणाचं, उंबऱ्यात येऊन काहीतरी मागून गेलेल्या शेजारणीचं. लिंडल रोपर यांनी जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या खटल्यांत पाहिलं, की आरोप येतो तो बाळंतिणीची शुश्रूषा करायला ठेवलेल्या वयस्क बाईवर. बाळ पीत नाही, सुकत चाललंय, आणि बाळंतीण घाबरलेली. पहिले सहा आठवडे तिच्याजवळ सतत असते ती एकच, मूलबाळ होण्याचं वय उलटलेली गरीब बाई.

मी अशा भेदरलेल्या बाळंतिणी पाहिल्या आहेत, सासूने दिलेलं दूध बाळाला पाजायला न धजणाऱ्या. म्हणून रोपर वाचताना मला पंथ आणि देवता काही आठवलं नाही. ती खोली आठवली.


माघी

उंबरठा ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.


शिलालेख

मारिया गिम्बुटास यांचं नाव कसं आलं नाही अजून? मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी, त्यामुळे माझा ओढा तिकडे.

जन्म १९२१, लिथुएनियातल्या विल्नियसचा. हा देश ख्रिस्ती झाला १३८७ मध्ये, युरोपात सर्वांत उशिरा. गिम्बुटास शाळा-कॉलेजच्या वयात खेड्यांतून लोकगीतं गोळा करत फिरल्या, आणि जमिनीला, नद्यांना पवित्र मानणाऱ्या म्हाताऱ्या त्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या. १९४४ मध्ये युद्धात देश सोडून पळाल्या, एका हाताला तान्ही मुलगी आणि दुसऱ्या हाताला प्रबंध, असं त्या सांगत. मरेचा जुना धर्म कागदांतून तयार झाला, गिम्बुटास यांनी त्याचं काहीतरी डोळ्यांनी बघितलं होतं. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

त्यांच्या दोन मांडण्या वेगळ्या ठेवायला हव्यात. १९५६ मध्ये त्या म्हणाल्या, की इंडो-युरोपीय भाषा काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातून पसरल्या, कुर्गान म्हणजे दफनटेकड्या बांधणाऱ्या पशुपालकांबरोबर. २०१५ मध्ये प्राचीन डीएनएचे निष्कर्ष आले आणि त्या प्रदेशातून युरोपात मोठं स्थलांतर झालं होतं हे दिसलं. त्या तेव्हा हयात नव्हत्या, १९९४ मध्येच गेल्या. दुसरी मांडणी, की त्यापूर्वीच्या युरोपात देवीपूजक, शांत, स्त्रीकेंद्री समाज होता आणि पुढच्या काळातली चेटकीण ही त्या देवीचंच उतरत आलेलं रूप. इथे पुरावा फार पातळ आहे. रूथ ट्रिंगहॅम, मार्गारेट कॉन्की, लिन मेस्केल या तिघी स्त्री-पुरातत्त्वज्ञांनीच विचारलं, की मातीची प्रत्येक बाई देवीच कशावरून? बाहुली असेल, पूर्वज असेल, शिकवायची वस्तू असेल. आम्हांला वर्गात हा प्रश्न रोज विचारला जातो, आणि सापडलेली मूर्ती हातात असताना 'देवी' हा शब्द तोंडून न काढणं किती कठीण असतं ते करूनच कळतं.


रानवाट

मरेच्या सिद्धांताला इतिहासात जागा उरली नाही, पण त्यातून एक जिवंत धर्म निघाला, त्याबद्दल थोडं.

१९५४ मध्ये जेरल्ड गार्डनर यांनी पुस्तक लिहून जाहीर केलं, की हा जुना पंथ अजून आहे आणि त्यात मला दीक्षा मिळाली. त्याला प्रस्तावना मरेची. आजचा विक्का धर्म तिथून सुरू होतो. पण त्याची भाषा घडवली डोरीन व्हॅलियंट यांनी. १९५३ मध्ये गार्डनरकडून दीक्षा घेतली. विधींचा मजकूर वाचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की यातलं बरंच गूढविद्येवर लिहिणाऱ्या अलीस्टर क्रोलीचं आहे. तसं तोंडावर सांगितलं. गार्डनर म्हणाले, तुला जमत असेल तर तू लिही. त्यांनी लिहिलं, आणि देवीच्या तोंडचं ते आवाहन आजही म्हटलं जातं. नदीकाठने सांगितलेलं 'आनंदात भेटू, आनंदात निघू' हेही विक्काचे लोक म्हणतात.

गार्डनर सांगत, की आपल्या गुरुगटात डोरोथी नावाची एक प्रतिष्ठित बाई होती. पुष्कळांना ती कल्पितच वाटे. व्हॅलियंट यांनी १९८० नंतर चिकाटीने नोंदी शोधल्या आणि डोरोथी क्लटरबक यांचा जन्मदाखला काढला: १८८०, बंगाल. वडील हिंदुस्थानातल्या सैन्यात अधिकारी. बाई खरी निघाली. मात्र ती खरोखर कुठल्या गुप्त पंथात होती असं तिच्या कागदपत्रांवरून काही दिसत नाही.

माझी एक मैत्रीण विक्का पाळते, मी तिच्या घरी एका सणाला गेले आहे. तिला मरेचं सगळं माहीत आहे. आमचा धर्म पन्नास-सत्तर वर्षांचा आहे म्हणून तो खोटा होत नाही, असं ती म्हणते. मला ते पटलं.


गिरगावकर

एक मुंबईचा दुवा. एडिनबरा किल्ल्याच्या पटांगणाजवळ भिंतीत 'चेटकिणींची विहीर' नावाचं लहानसं शिल्प आहे, त्या जागी जाळलेल्या बायकांच्या आठवणीसाठी. १८९४ मध्ये ते जॉन डंकन या चित्रकाराकडून करवून घेतलं पॅट्रिक गेडिस यांनी. हेच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाचे समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. गोविंद सदाशिव घुर्ये त्यांनी निवडलेले विद्यार्थी, आणि इरावती कर्वे घुर्यांच्या विद्यार्थिनी. मी एडिनबराला ते शिल्प पाहिलं तेव्हा हे माहीत नव्हतं, घरी येऊन कळलं. पुन्हा गेलो तर हात जोडून येईन.


पाणंद

शब्दाबद्दल विचारायचं होतं. 'चेटकीण' म्हटलं की पोरांच्या गोष्टीतली नाकाळ म्हातारी डोळ्यांपुढे येते. आमच्या नंदुरबारकडे सातपुड्यात 'डाकीण' म्हणतात, आणि तो शब्द कुणाही बाईला लागला की तिचं गावात राहणं संपतं. इझोबेलसाठी कोणता शब्द जवळचा?


नदीकाठ

पाणंद, मीही लिहिताना अडखळले होते. अर्थाने 'डाकीण' जवळचा, कारण तो आरोप आहे, गोष्ट नाही. क्रिस्टिना लार्नरने १९८१ च्या आपल्या स्कॉटलंडवरच्या पुस्तकात हेच धरून ठेवलं: आधी आरोप कसा तयार होतो ते बघा. कायदा होता, पाद्री होते, जमीनदार होते, आणि प्रत्येक खेड्याला देवभीरू करून दाखवायची घाई होती. ती म्हणते, चेटकिणींचा छळ बायकांशी जोडलेला होता, पण केवळ बायकांपुरता नव्हता. ते खरंच आहे, आइसलँडमध्ये जाळलेल्या २१ जणांत बाई एकच होती. तरीही 'डाकीण' हा शब्द मी वापरला नाही, कारण आज जिच्यावर तो पडतो तिचं दुःख मला दुसऱ्या कुणाच्या गोष्टीसाठी उसनं घ्यायचं नव्हतं.

माघीने व्यक्तिगत निरोपात विचारलं, की इझोबेलचं पुढे काय झालं. शिक्षेची नोंदच नाही. मे १६६२ मधल्या चौथ्या जबाबानंतर कागद थांबतात. त्यांच्या मूळ हस्तलिखिताचा ठावठिकाणा कित्येक वर्षं कुणाला नव्हता, सगळे १८३३ च्या छापील प्रतीवरून काम करत. एमा विल्बीने स्कॉटलंडच्या अभिलेखागारात ते शोधून काढलं आणि २०१० मध्ये अख्खं छापलं, एकही वाक्य न गाळता. मग एकेक परिच्छेद घेऊन ती विचारते: यात चौकशी करणाऱ्या हॅरी फोर्ब्ज पाद्र्याचा प्रश्न किती, आणि इझोबेलचं स्वतःचं किती? सैतानाशी करार, चर्चमधला बाप्तिस्मा, हे पाद्र्याच्या ओळखीचं. पण परी-राणी, बाणांची टोकं घडवणारी कुबडी पोरं, बेडकांचा नांगर, हे विचारायला त्याला सुचलंच नसतं. विल्बी तिला स्वप्नं पाहणारी, गाणी बांधणारी बाई मानते. मला सगळं पटत नाही, इतक्या जुन्या मनात इतकं खोल उतरता येतं का, अशी शंका राहते. पण ती ऐकते, हे नक्की.

ऑल्डर्नच्या चर्चच्या आवारात उभी होते तेव्हा शेजारच्या शेतात खरंच एक ससा होता. इझोबेल सांगते, की ससा व्हायचं असलं की आम्ही हे म्हणतो, आणि परत यायचं असलं की ते. परत येतानाच्या ओळी गेले तीन दिवस मराठीत बसवतेय. आत्ता एवढ्या जमल्यात:

सशा रे सशा, देव तुझी काळजी घेवो,
आत्ता मी सशाच्या रूपात आहे,
पण होईन मी बाई, आत्ता, या क्षणी.


दगडफूल

मूळ शब्दात 'काळजी घेवो' असंच आहे का? मला वाटतं तिथे 'काळजी लावो', म्हणजे चिंता, असा अर्थ असेल. ससा व्हायच्या मंत्रातही दुःख आणि उसासा आहे ना?


नदीकाठ

बरोबर आहे तुझं. तिथे चिंताच आहे. बदलते:

सशा रे सशा, देव तुला घोर लावो,
आत्ता मी सशाच्या रूपात आहे,
पण होईन मी बाई, आत्ता, या क्षणी.